आधी उजळ-गडद, मग लाल-निळा

मॅचिंग सेंटरची सवय गोधडीच्या मुळावर येते. साडीचा पदर काउंटरवर टाकायचा, दुकानदाराने छटांच्या चळतीतून नेमकी तीच छटा ओढून काढायची आणि आपण खूश होऊन घरी यायचं, हे ब्लाउजसाठी ठीक आहे. गोधडीत मात्र एकमेकांशी इतके जुळणारे पाच कपडे शेजारी आले, की खोलीच्या दारातून त्यांचा एकच डाग दिसतो. मग कापड कितीही चांगलं असो आणि टाके कितीही बारीक असोत, गोधडी मरगळलेलीच दिसते. गोधडीत जुळवायचं असतं ते उजेडाचं प्रमाण: काही कापड उजळ, काही गडद, बाकीचं मधलं. हे तीन भाग नीट पडले, तर लाल घ्या, हिरवा घ्या, नाहीतर आमसुली घ्या, फारसं बिघडत नाही.

हा विषय आत्ता काढायला कारण आहे. उपनगरांत जिकडेतिकडे पुनर्विकास चालू आहे. घाटकोपरच्या पंतनगरपासून अंधेरीच्या डी. एन. नगरपर्यंत आणि मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत लोक घरं रिकामी करून भाड्याच्या जागेत जातात. अशा वेळी माळ्यावरची ट्रंक खाली उतरते. आईच्या, सासूबाईंच्या सुती साड्या, वडिलांचे सदरे, मुलांचे गणवेश असं सगळं निघतं. बोहारणीला देववत नाही आणि ठेवायला जागा नाही. ‘गोधडी करून टाकू’ हे वाक्य अशाच दुपारी निघतं. म्हणजे दुकानात जाण्याआधीच रंग कपाटात ठरलेले असतात. आपल्या हाती उरतं ते त्यातलं काय घ्यायचं, काय वगळायचं आणि कशाशेजारी काय ठेवायचं, एवढंच. नवीन विकत घ्यायचंच तर फार तर गोटाचं कापड आणि दोरा घ्यावा, या मताची मी आहे.

कपाटातला ऐवज पलंगावर काढला, की साड्या-शर्टांखेरीज दोन खास मुंबईकर ढीग दिसतात. पहिला ओटीच्या ब्लाउजपीसचा. हळदीकुंकू, डोहाळजेवण, मुंज, वास्तुशांत अशा प्रत्येक प्रसंगी एकेक येतो, त्यातले निम्मे पुढच्या बाईच्या ओटीत जातात आणि उरलेले वर्षानुवर्षं घडीत पडून राहतात. दुसरा ढीग नवरात्राचा. वीसेक वर्षांपूर्वी महाराष्ट्र टाइम्सने नऊ दिवसांचे नऊ रंग छापायला सुरुवात केली. बघता बघता लोकलचे महिला डबे त्या त्या दिवशी एका रंगाचे दिसू लागले. त्यापायी एरवी कधी घेतला नसता असा करडा कुर्ता, मोरपंखी ओढणी, नारिंगी साडी अनेकींच्या कपाटात आली. गोधडीसाठी हे घबाडच. त्यातला करडा तर सोन्यासारखा जपा. भडक रंगांमध्ये डोळ्याला बसायला जागा देणारं कापड घरात सहसा नसतं, ते या निमित्ताने आयतं मिळालं आहे.

पण हे दोन्ही ढीग वापरण्याआधी दोन चाचण्या करा. पहिली काडेपेटीची. कापडाचे दोन-चार धागे ओढून, चिमट्यात धरून, सिंकवर पेटवा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि मऊ राख उरते. पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. ब्लाउजपीसमध्ये मिश्र धाग्याचं कापड बरंच असतं. ते फेकू नका, पण अंगाला लागणाऱ्या बाजूला लावू नका. मुंबईच्या दमट हवेत असं कापड अंगाला चिकटतं, शिवाय सुतीबरोबर धुतलं की सुती आटतं, हे आटत नाही आणि मध्ये फुगे येतात.

दुसरी चाचणी रंग जाण्याची. नवं लाल, मरून, काळं आणि गडद निळं कापड कोमट साबणपाण्यात पांढऱ्या सुती चिंधीबरोबर तासभर भिजवा आणि चिंधी पिळून पाहा. गुलाबी किंवा निळसर झाली, तर पुन्हा धुवा. चिंधी पांढरी राहीपर्यंत धूत राहा. मीठ घातलं की रंग पक्का होतो, असं आपल्याकडे सर्रास सांगतात. मिठाचा उपयोग रंगवताना होतो, कारण तेव्हा रंग धाग्याकडे ढकलायचा असतो. रंगवून झालेल्या कापडातला सुटा रंग मिठाने अडत नाही, तो धुऊनच काढावा लागतो. चार धुण्यांनंतरही एखादं कापड रंग सोडत असेल, तर ते कितीही देखणं असलं तरी बाजूला ठेवा. आजीची जुनी विटलेली साडी या बाबतीत बिनधास्त वापरावी. तिचा जायचा तेवढा रंग कधीच गेलेला असतो.

आता मुख्य काम. सगळं कापड घडी घालून जमिनीवर मांडा आणि तीन ढीग करा: उजळ, मध्यम, गडद. रंगाचं नाव मनात आणूच नका. ऐकायला सोपं वाटतं, पण डोळा फसतो, आणि सर्वांत जास्त फसतो तो लाल-हिरव्यात. डाळिंबी इरकल आणि बाटली हिरवा खण शेजारी ठेवले, तर आपल्याला ते एकदम वेगळे वाटतात. त्यांचा मोबाइलवर फोटो काढून तो काळा-पांढरा करून बघा. दोन्ही एकाच राखाडी रंगात विरघळलेले दिसतील. म्हणजे हे दोघेही गडद ढिगातले. त्यांना शेजारी शिवलं, तर जवळून नवरीचा शालू वाटेल, लांबून एकसंध काळपट पट्टा. उलट लिंबू आणि जांभळा यांचा असा फोटो काढा, दोघांमधलं अंतर लगेच दिसेल. फोन नसेल तर डोळे अर्धवट मिटून बघणं ही जुनी युक्ती आहेच, शिंपीकाम करणाऱ्या बायका ती नकळत वापरतात.

ढीग झाले की बहुतेक घरांत एक गोष्ट लक्षात येते: मध्यम ढीग डोंगराएवढा असतो, उजळ जेमतेम. आपण रोज वापरायला मळखाऊ रंग घेतो, त्यामुळे असं होणारच. उजळ कापड कमी पडलं तर वडिलांचे पांढरे आणि बारीक रेघांचे शर्ट, जुनी पंचे-धोतरं, विटलेली वायल, बाळंतिणीची मऊ चादर शोधा. विटलेल्या साडीची उलटी बाजूही पाहा, ती बऱ्याचदा सुलटीहून फिकी आणि सुंदर असते. प्रमाण म्हणाल तर निम्मं मध्यम ठेवावं. उरलेल्यात उजळ जास्त घ्यायचं की गडद, हे खोलीवर ठरवा. समोरच्या इमारतीमुळे दिवसाही दिवा लावावा लागतो अशी खोली असेल, तर उजळ वाढवा. भरपूर ऊन येणाऱ्या खोलीत गडद शोभतो.

शेजाराचा परिणाम किती मोठा असतो, याचा एक जुना दाखला आहे. मिशेल शेव्हरल हे रसायनशास्त्रज्ञ 1824 मध्ये पॅरिसच्या गोब्लाँ कारखान्यात रंगाई विभागाचे प्रमुख झाले. तिथे भिंतीवर लावायचे विणलेले चित्रपडदे तयार होत. काळा रंग फिका उतरतो, अशी त्यांच्याकडे तक्रार आली. शेव्हरल यांनी लोकर तपासली तर काळ्यात दोष नव्हता. निळ्या-जांभळ्याशेजारी विणल्यामुळे तो काळा मलूल दिसत होता. पुढे 1839 मध्ये त्यांनी यावर मोठा ग्रंथच लिहिला आणि युरोपातल्या चित्रकारांनी तो डोक्यावर घेतला. आपल्यासाठी त्यातला धडा रोखठोक आहे: एक तुकडा हातात धरून ‘हा रंग चांगला’ किंवा ‘वाईट’ असं ठरवू नका. नावडता शेवाळी तुकडा आबोलीशेजारी ठेवला, की एकदम घरंदाज दिसू लागतो. तोच तपकिरीशेजारी मातकट होतो.

राणी, पोपटी, झगझगीत पिवळा हे रंग फोडणीतल्या हिंगासारखे: असायला हवेत, पण चिमूटभर. असे तुकडे लहान कापा आणि गोधडीभर विखरून किमान तीन ठिकाणी लावा. एकाच जागी लावला तर ठिगळ वाटतं, तीन ठिकाणी लावला तर डोळा एका तुकड्यावरून दुसऱ्यावर फिरत राहतो. जिच्या आठवणीसाठी गोधडी करायची तिची साडीच भडक असेल, तर गोष्ट वेगळी. मग त्या साडीला मधली जागा द्या आणि बाकी सगळ्यांना मागे उभं करा, करडा, मोतिया, बदामी, पारवा. आईची राणी रंगाची नारायणपेठी आणि मावशीची केशरी साडी एकाच गोधडीत सन्मानाने बसवायचा हट्ट धरू नका. दोन गोधड्या करा.

छापील कापडाला दोन चेहरे असतात. बारीक बुट्टी सहा फुटांवरून दिसत नाही. तिचा आणि जमिनीचा मिळून जो रंग होतो तोच खरा. मोठी फुलं किंवा रुंद पट्टे मात्र लांबूनही ओळखू येतात, म्हणून ते मोठ्या तुकड्यांत ठेवा, नाहीतर फुलाची नुसती पाकळी शिल्लक राहते. इरकलीत आणि खणात धूपछांव फार. ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्याचा. असं कापड आडवं धरलं की एक रंग, उभं धरलं की दुसरा. कापण्याआधी प्रत्येक तुकड्याच्या मागे खडूने बाण काढा आणि सगळे बाण एकाच दिशेला लावा. किंवा जाणूनबुजून उलटसुलट लावा आणि एकाच साडीतून दोन छटा मिळवा. काहीच न ठरवता लावले, तर ती गडबड असल्यासारखंच दिसेल.

आता फारसं कुणी सांगत नाही अशी बाब. वरचा थर पातळ असेल, तर आतला थर रंगात भाग घेतो. विटलेल्या वायलीखाली गडद छापाची साडी घातली, की वरून निळसर सावल्या दिसतात आणि त्या धुऊन जात नाहीत. उजळ तुकड्यांच्या लगेच खाली पांढरं किंवा फिकं कापडच येऊ द्या, जुनी चादर किंवा धोतर. गडद, डागाळलेले, विजोड कपडे त्याच्याही खाली, मधल्या थरात. शिवायला बसण्यापूर्वी एक उजळ तुकडा त्या थरावर ठेवून, हाताने दाबून, खिडकीच्या उजेडात पाहा. दोन मिनिटांचं काम आहे.

उजेडाबद्दल. मंगलदास मार्केट असो, हिंदमाता असो की तुमच्या स्टेशनबाहेरचं दुकान, कापड पांढऱ्याशुभ्र दिव्यांखाली दाखवतात. तिथे जुळलेले दोन निळे घरच्या पिवळ्या दिव्याखाली फटकून वागतात. दोघांचे मूळ रंग वेगळे असले, तर एका उजेडात सारखे आणि दुसऱ्यात निराळे दिसणं साहजिक आहे. गोटाचं कापड घेताना घरच्या कपड्यांचे छोटे तुकडे पिनेला लावून बरोबर न्या आणि ठाण बाहेर रस्त्याच्या उजेडात नेऊन बघा. दुकानदार कुरकुरत नाहीत, त्यांना सवय असते. जुलै-ऑगस्टच्या ढगाळ दिवसांत मात्र मोठा निर्णय टाळावा. त्या राखाडी उजेडात सगळंच मलूल दिसतं आणि माणूस नको इतका भडक रंग घेऊन येतो. गोधडी रात्री अंगावर येणार, म्हणून शेवटची मांडणी रात्रीही, बेडरूमच्या दिव्याखाली, एकदा बघावी.

मांडणीसाठी पहिल्या वेळी फार चौकोन-त्रिकोण करू नका. आपली गोधडी मुळात ठिगळांची नक्षी नव्हेच. अख्खी साडी वर, झिजलेल्या जागी तुकडे, आणि कडेपासून सुरू होऊन चौकोनात आत आत जाणारा धावदोरा. सहावारी साडी साधारण साडेपाच मीटर लांब, सव्वा मीटरच्या आत रुंद. ती मधोमध कापून दोन भाग लांबीला जोडले, की एका साडीत डबलबेडची एक बाजू निघते. म्हणून सोपा आराखडा असा: मध्ये एक मोठं मध्यम कापड, भोवती उजळ पट्टा, त्याबाहेर तुकड्यांचा रंगीत पट्टा, शेवटी गोट. उत्तर कन्नडमधल्या सिद्दी बायकांच्या ‘कवंदी’ नावाच्या गोधडीला चार कोपऱ्यांत कापडाच्या त्रिकोणी घड्यांची ‘फुलं’ लावतात. तुमचे सर्वांत लाडके पण चिमुकले तुकडे अशा कोपऱ्यांसाठी राखून ठेवता येतील. आपल्या राज्यातल्या गोधड्यांवर मुंबईच्या गीता खंडेलवाल यांनी पुस्तक लिहिलं आहे. कुठे मिळालं तर त्यातली चित्रं रंगांसाठी म्हणून बघा.

विटलेपणाला घाबरू नका. अमेरिकेत अलाबामा राज्यात जीज बेंड नावाची वस्ती आहे. तिथल्या कृष्णवर्णीय बायकांनी शेतावरच्या जुन्या कपड्यांच्या गोधड्या शिवल्या, त्या 2002 मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भिंतीवर लागल्या. झिजलेल्या जीन्सचा खिसा उसवला की खाली गडद निळा चौकोन निघतो, भोवती फिका निळा. त्यांनी तो चौकोन तसाच ठेवला. तुमच्या मुलाच्या जुन्या जीन्सचा आणि गणवेशाच्या शर्टाचा खिसा उसवून पाहा. उजळ-गडदाची जोडी तिथे फुकट मिळते. फक्त जीन्स हाताने शिवताना बोटं दुखतात, तेव्हा ती थोडीच घ्या.

दोरा हाही रंगच आहे, आणि गोधडीभर पसरणारा. कापडापेक्षा किंचित गडद दोरा बुडतो, उजळ दोरा वर येतो. टाके ओबडधोबड असतील तर पहिला, हात बसलेला असेल तर दुसरा. गडद कापडावर पांढरा दोरा उठून दिसतो, आणि सगळे विजोड तुकडे एका सुतात बांधतो. माझं मत पांढऱ्याच्या बाजूने आहे. रंगीबेरंगी दोऱ्यांचा मोह टाळावा. ठरत नसेल तर वीतभर नमुन्यावर तीन दोऱ्यांच्या तीन ओळी घाला आणि रात्रभर खुर्चीच्या पाठीवर टाकून ठेवा. सकाळी पहिल्या नजरेत जो नको वाटेल तो बाद.

गोट निवडताना उपनगरातलं एक वास्तव लक्षात घ्या. वन-बीएचकेत गोधडी दिवसभर घडी होऊन पलंगाच्या पायथ्याशी किंवा दिवाणावर पडलेली असते. पाहुण्यांना दिसते ती घडीची कड आणि बहुतेक वेळा उलटी बाजू. मधलं नक्षीकाम त्यांना दिसतच नाही. म्हणून अस्तर ‘कशाचंही चालेल’ म्हणू नका. एका चांगल्या साडीचं, निदान अर्ध्या भागाचं अस्तर करा, आणि गोट दोन्ही बाजूंना शोभेल असा घ्या. गडद गोट गोधडीला बांधून ठेवतो, उजळ गोट ती मोठी भासवतो. डोक्याकडची कड तोंडाला, केसांच्या तेलाला लागते. तिथे पांढरा किंवा अगदी फिका गोट सहा महिन्यांत कळकट होतो. मध्यम रंगाची बारीक बुट्टी तिथे उत्तम. खिडकीला लागून पलंग असेल आणि दुपारचं पश्चिमेचं ऊन त्यावर येत असेल, तर हळदीने रंगवलेलं कापड टाळा. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. आणि पांघरताना बाजू बदलत राहा, म्हणजे निदान फिकेपणा सगळीकडे सारखा येईल.

बाळासाठी दुपटं करत असाल, तर फिक्या गुलाबी-निळ्याची सक्ती नाही. नवजात बाळाला फिक्या छटांतला फरक कळत नाही, ठळक उजळ-गडद आधी दिसतं. पांढऱ्यावर लाल किंवा काळा पट्टा त्याला बघायला आवडेल. काळा नको म्हणणाऱ्या आजीबाईंना आठवण करून द्या, की पहिल्या संक्रांतीला बोरन्हाणात बाळाला काळंच झबलं घालतो. लग्नाच्या आहेरात मात्र काळा द्यायचा असेल, तर समोरच्या घरी आधी विचारलेलं बरं. तिथे रंगशास्त्र चालत नाही.

सगळं मांडून झालं, की वरून एक फोटो काढा, काळा-पांढरा करा आणि शिवण घालण्याआधी एक रात्र जाऊ द्या. फोटोत कुठे मोठा राखाडी डाग दिसला, तर तिथला एक तुकडा काढून त्याजागी अधिक उजळ किंवा अधिक गडद लावा, तीच छटा पुन्हा नको. शिवून झाल्यावर पहिली धुलाई वेगळी, थंड पाण्यात आणि भिजत न ठेवता करा. वाळत घालताना सावली बघा. खिडकीच्या ग्रिलशिवाय जागा नसेल, तर उलटी बाजू उन्हाकडे करा.